जन्म जबलपूरचा, दाखला उटीचा

विल्सन जोन्स पुण्याचे आणि पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळात मिळालेला तो पहिला विश्वविजेता. अडवाणीने २००३ मध्ये स्नूकरचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. पुणेकरांनी या दोघांचा अभिमान जरूर बाळगावा, पण अडवाणीने जो खेळ जिंकला त्याचे जन्मगाव पुणे नाही आणि लंडनही नाही. स्नूकर जन्मला जबलपुरात, १८७५ मध्ये, फौजी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. निदान आज जगभर हीच हकिगत मान्य आहे.

‘निदान’ म्हणायचे कारण असे, की जबलपुरात या खेळाचा कागद नाही. कागद झाला सात वर्षांनी, तिथून शेकडो मैल दक्षिणेला, निलगिरीतल्या उटी क्लबात. १८८२ मध्ये खेळाचे नियम लिहून तिथल्या बिलियर्ड्सच्या खोलीत लावले गेले. म्हणजे जन्म एकीकडचा आणि दाखला दुसरीकडचा. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत जन्मतारखेची नोंद दुरुस्त करून घेतली असेल, त्यांना अशा प्रकरणात काय काय होते ते सांगायला नको.

मराठी प्रवाशाला जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार आठवतो. नागपूरकरांचे नाते याहून जुने आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा जबलपूर नागपूरच्याच प्रांतात आले, ते थेट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत. आपल्या गोष्टीला मात्र १८७० हे साल जास्त महत्त्वाचे. त्या मार्चमध्ये मुंबईहून आलेली जीआयपीची लाइन आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन जबलपुरात एकमेकींना मिळाल्या, आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वेमार्ग झाला. छावणीचे गाव एकदम हमरस्त्यावर आले. पलटणी येऊ-जाऊ लागल्या, पाहुणे अधिकारी उतरू लागले आणि त्यांच्याबरोबर खेळ, गप्पा, अफवा सगळेच फिरू लागले.

त्या काळी जबलपुरात ११वी डेव्हनशायर पायदळ पलटण होती. तिच्यात नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेराल्ड चेंबरलेन नावाचा १९ वर्षांचा सबाल्टर्न, म्हणजे अगदी कनिष्ठ अधिकारी, होता. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन ते हे नव्हेत. हा चेंबरलेन सेनाधिकाऱ्यांच्या घराण्यातला; त्याचे काका फील्ड मार्शल होते आणि त्यांचेही नाव नेव्हिलच. इंग्रजांना नावांची एवढी टंचाई का असावी, कोण जाणे.

जबलपूरचा पावसाळा चांगला दणदणीत असतो. जूनच्या मध्याला सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत हलत नाही. पोलो बंद, शिकार बंद, मैदानावर चिखल. अशा वेळी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उरते काय, तर जेवण, दारू आणि बिलियर्ड्सचे टेबल. इंग्लिश बिलियर्ड्सचे टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद, खाली दगडी पाटीचा तळ, वर ताणून बसवलेले हिरवे कापड. चेंडू त्या काळी हस्तिदंताचे असत. दमट हवेत हस्तिदंत फुगतो आणि चेंडू किंचित वाकडा धावू लागतो. एवढ्यावरून त्या खोलीत किती वाद झाले असतील याची कल्पना करता येते.

मूळ बिलियर्ड्स तीन चेंडूंचा आणि दोन भिडूंचा खेळ. मेसमध्ये माणसे जास्त, वेळ त्याहून जास्त, आणि खिशात पैजेपुरते पैसे सगळ्यांच्याच. त्यामुळे खरी चलती होती ती अनेकांना एकदम खेळता येणाऱ्या, पैज लावून खेळायच्या खेळांची. त्यांतले तीन समजून घेतले की स्नूकर कसा तयार झाला ते आपोआप कळते.

पहिला पिरॅमिड. १५ लाल चेंडू त्रिकोणात मांडायचे आणि एकाच पांढऱ्या चेंडूने ते पॉकेटमध्ये घालायचे. ज्याचे चेंडू जास्त, त्याला बाकीच्यांनी पैसे द्यायचे. स्नूकरमधला लाल त्रिकोण थेट इथून आला.

दुसरा लाइफ पूल. यात प्रत्येक गड्याला वेगळ्या रंगाचा चेंडू मिळे. आपल्या रंगाच्या चेंडूने ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पॉकेटमध्ये घालायचा. तो गेला की त्या गड्याचा एक ‘जीव’ गेला, आणि जीव गेला की पैसे गेले. असे जीव प्रत्येकाला तीन. पिवळा, हिरवा, गुलाबी असे रंगीत चेंडू मेसमध्ये होते ते या खेळासाठी. रंगांमागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. कोणाचे पैसे कोणाकडे जायचे हे ओळखू यावे एवढाच हेतू होता.

तिसरा ब्लॅक पूल, म्हणजे लाइफ पूलमध्येच वाढवलेला एक काळा चेंडू. आपल्या वाट्याचा चेंडू घातल्यावर काळ्यावर टोला मारायची मुभा मिळे, आणि काळा गेला तर खोलीतल्या सगळ्यांकडून वसुली. आज स्नूकरमध्ये काळ्याला सर्वाधिक ७ गुण आहेत आणि लाल घातल्यावरच रंगीत चेंडूवर हक्क मिळतो. या दोन्हींचे मूळ त्या वसुलीत दिसते.

चेंबरलेनच्या डोक्यात आले ते एवढेच, की काळा वाढवल्याने मजा वाढली, तर आणखी एखादा रंगीत चेंडू का वाढवू नये? मग लाल त्रिकोण पिरॅमिडमधून उचलला, रंगीत चेंडू लाइफ पूलमधून घेतले, आणि प्रत्येक रंगाला वेगळी किंमत दिली. सुरुवातीला लालांखेरीज पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा एवढेच होते. निळा आणि तपकिरी नंतर आले. मोठ्या शोधांच्या कथांमध्ये सफरचंद पडते, आंघोळीच्या टबातून माणूस धावत सुटतो. इथे तसले काही घडले नाही. पावसात अडकलेल्या पोरांनी तीन जुन्या खेळांची मिसळ केली आणि ती जमून गेली. मला ही हकिगत विश्वसनीय वाटते ती या साधेपणामुळेच.

नावाची कथा थोडक्यात. वूलिच इथल्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत, ही माहिती मेसमध्ये आलेल्या एका तरुण पाहुण्या अधिकाऱ्याने पुरवली. पुढे कुणाचा तरी सोपा टोला चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हणून हिणवले, आणि तो चिडू नये म्हणून लगेच जोडले की या नव्या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. नाव चिकटले ते कायमचे.

या चित्रात एक माणूस हमखास असणार, पण त्याचे नाव कुठेच येत नाही. बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मोजायला, चेंडू मांडायला, क्यू पुसून ठेवायला एक पगारी माणूस असे. त्याला मार्कर म्हणत. हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये आणि क्लबांमध्ये हे मार्कर बहुधा इथलेच असत. साहेब बदलीवर जात, मार्कर जागेवर राही. काल रात्री गुलाबीची किंमत काय ठरली होती, हे आज संध्याकाळी सांगणारा भरवशाचा माणूस तोच. लिहिलेले नियम नसताना खेळ टिकतो तो अशांच्या डोक्यात. पुढे या खेळाच्या उगमाचा वाद पेटला तेव्हा साक्षीला सेनापती आले, सर आले, लॉर्ड आले. मार्करांना विचारावे असे कुणाला सुचले नाही.

१८७६ मध्ये चेंबरलेन पलटण सोडून सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळात गेला. नंतर अफगाण युद्ध झाले, त्यात तो कंदाहारजवळ जखमी झाला. १८८१ मध्ये सर फ्रेडरिक रॉबर्ट्स मद्रास सैन्याचे सरसेनापती झाले आणि चेंबरलेन त्यांच्या तैनातीत गेला. मद्रास सरकार उन्हाळा काढायला उटीला जाई, त्यामागोमाग सैन्याचे मुख्यालयही. अशा रीतीने जबलपूरचा खेळ डोंगर चढला.

उटी क्लब हे ठिकाण मेसपेक्षा फार वेगळे. मेसमध्ये एकाच पलटणीची माणसे असतात. सगळे रोजचे ओळखीचे, आणि वाद झाला तर वरच्या हुद्द्याचा जो म्हणेल ते खरे. क्लबात वेगवेगळ्या पलटणींचे अधिकारी, सनदी नोकर आणि मळेवाले एकत्र येत. प्रत्येक जण आपापल्या गावची पद्धत घेऊन येई, आणि पैसे लागलेले असताना ‘आमच्याकडे असे खेळतात’ हे वाक्य भांडणाची नांदी ठरते. तेव्हा १८८२ मध्ये नियम लिहून भिंतीवर लावले गेले ते एखादी थोर परंपरा सुरू करायला नव्हे. रोजची कटकट मिटावी म्हणून लावले गेले, असेच मानायला हवे.

पण भिंतीवरचा कागद त्याहून मोठे काम करून गेला. तोंडी नियम ज्याच्या तोंडी असतो त्याच्याबरोबर बदलीवर जातो आणि वाटेत बदलतो. लिहिलेला नियम पाहुणा उतरवून घेतो, आपल्या गावच्या क्लबात तसाच लावतो, आणि दोन अनोळखी माणसे पहिल्याच भेटीत एकमेकांशी खेळू शकतात. खेळाला प्रवास करता येतो तो इथपासून. १८८५ मध्ये ब्रिटनचा बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स धाकटा (सरसेनापती रॉबर्ट्स वेगळे) हिंदुस्थानात आला होता. कूचबिहारच्या महाराजांच्या पंगतीत कलकत्त्याला त्याची आपली भेट झाली, त्याने नियम विचारून घेतले आणि खेळ इंग्लंडला नेला, असे चेंबरलेन सांगत. इंग्लंडमध्ये १९०० मध्ये बिलियर्ड्स असोसिएशनने स्नूकरची नियमावली काढली. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा संपली आणि जो डेव्हिस विजेता झाला. बक्षीस होते साडेसहा पौंड. १९६९ मध्ये बीबीसीला नव्या रंगीत टेलिव्हिजनवर दाखवायला स्वस्त आणि रंगीबेरंगी काहीतरी हवे होते. ‘पॉट ब्लॅक’ या कार्यक्रमाने स्नूकर घराघरांत पोहोचवला. जबलपूरच्या मेसमध्ये पैज ओळखायला वापरलेले रंग शंभर वर्षांच्या आतच टीव्हीच्या पडद्यावर कामी आले.

मात्र १९३८ पर्यंत उगमाची बाजू कोणी तपासलीच नव्हती. त्या वर्षी इंग्लंडमधल्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकात स्नूकरचा जन्म वूलिचच्या अकादमीत झाल्याचा दावा आला. तेव्हा ८२ वर्षांचे झालेले सर नेव्हिल चेंबरलेन खवळले. हा माणूस मधल्या काळात काश्मीर दरबारचा लष्करी सचिव झाला होता, नंतर आयर्लंडच्या पोलीस दलाचा इन्स्पेक्टर जनरल झाला होता आणि १९१६ च्या डब्लिनमधल्या बंडानंतर पायउतार झाला होता. त्यांनी त्याच साप्ताहिकाला पत्र लिहिले: खेळ जबलपुरात, १८७५ मध्ये, मी काढला. पाठिंबा द्यायला सर इयान हॅमिल्टन यांच्यासारखे बडे सेनापती पुढे आले. पुढच्या वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ‘द बिलियर्ड प्लेयर’मध्ये ही हकिगत मांडली आणि जबलपूरचे नाव पक्के झाले. (त्याच १९३८ च्या सप्टेंबरात दुसरे नेव्हिल चेंबरलेन हिटलरच्या सहीचा कागद फडकावत म्युनिकहून परतले. दोन चेंबरलेनांपैकी आपल्या चेंबरलेनांचाच कागद जास्त टिकला.)

म्हणजे जबलपूरचा मुख्य आधार काय, तर ६३ वर्षांनी लिहिलेले एका वृद्धाचे पत्र. यावर किती विश्वास ठेवायचा? या प्रश्नाला अमेरिकेत एक जुळे भावंड आहे आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे, कारण तिथे कागद आणि आठवण यांची समोरासमोर टक्कर झाली.

अमेरिकी बेसबॉलचे कागद भरपूर. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांची बैठक झाली. तिच्यासाठी डॉक्टर डॅनियल ॲडम्स यांनी हाताने लिहिलेल्या नियमांत दोन तळांमधले अंतर ९० फूट, डाव नऊ, खेळाडू नऊ अशा गोष्टी ठरल्या. ही पाने २०१६ मध्ये लिलावात ३२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. १८७१ मध्ये पहिली व्यावसायिक संघटना निघाली. तिचे प्रवेशशुल्क फक्त १० डॉलर होते. कोणीही यावे, सामने जमेल तसे ठरवावेत, परवडले नाही तर अर्ध्यात सोडावेत. सट्टेबाजीला तर आवरच नव्हता. तेव्हा शिकागो क्लबचे विल्यम हल्बर्ट यांनी २ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात इतर क्लबांच्या प्रतिनिधींना बोलावले आणि तयार करून आणलेली घटना त्यांच्यापुढे ठेवली. आजही चालू असलेली नॅशनल लीग त्या दिवशी जन्मली. जुन्या संघटनेच्या नावात ‘खेळाडू’ होते, नव्या लीगच्या नावात ‘क्लब’ आले, आणि सत्ताही तशीच सरकली. शहराची लोकसंख्या किमान ७५,०००, वर्गणी १०० डॉलर, एका शहरात एकच क्लब, ठरलेले सामने खेळलेच पाहिजेत, सट्टा बंद. आठ क्लब सामील झाले. पहिल्याच वर्षी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या क्लबांनी शेवटचा दौरा टाळला, तर या दोन सर्वांत मोठ्या शहरांना हल्बर्ट यांनी बाहेर काढले. पुढच्या वर्षी लुइव्हिलचे चार खेळाडू सामने विकताना सापडले. त्यांच्यावर कायमची बंदी आली. कागद कागद म्हणतात तो असा.

आता गंमत पाहा. हल्बर्ट यांच्या बाजूला उभा राहून ही लीग घडवणाऱ्यांत अल्बर्ट स्पॉल्डिंग हा नामांकित खेळाडू होता. पुढे तो खेळसाहित्याचा बडा व्यापारी झाला. १९०५ मध्ये त्याला बेसबॉलचा जन्म शंभर टक्के अमेरिकी असल्याचे सिद्ध करायचे होते. इंग्लंडच्या ‘राउंडर्स’ या खेळातून बेसबॉल निघाला, हे त्याच्या मनाला पटेना. आयोग नेमला गेला. डेन्व्हरच्या ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या खाण अभियंत्याचे पत्र आले: लहानपणी कूपरस्टाउन गावात ॲबनर डबलडे यांनी हा खेळ शोधलेला मला आठवतो. डबलडे यादवी युद्धातले सेनानी, शिवाय तोवर वारलेले; याहून सोयीचे काय? आयोगाने १९०७ च्या अखेरीस १८३९ हे जन्मसाल आणि कूपरस्टाउन हे जन्मगाव जाहीर केले. प्रत्यक्षात १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होते, आणि आपण बेसबॉल शोधला असे त्यांनी हयातीत कधी म्हटले नव्हते. पण गावाला मान मिळून गेला. १९३९ मध्ये, म्हणजे मॅकेन्झी यांचा लेख आला त्याच वर्षी, बेसबॉलचे भव्य स्मारक-संग्रहालय कूपरस्टाउनला उघडले. इतिहासकारांनी कथा केव्हाच खोटी ठरवली आहे. संग्रहालय तिथेच आहे आणि गर्दीही आहे.

ग्रेव्ह्ज यांचे पत्र खोटे ठरले म्हणून चेंबरलेन यांचे पत्रही रद्दीत टाकायचे का? मला तसे वाटत नाही, आणि कारणे कागदावरचीच आहेत. ग्रेव्ह्ज दुसऱ्याबद्दल सांगत होते. तो दुसरा हयात नव्हता आणि ज्या वर्षाचे सांगितले त्या वर्षी तिथे असण्याचा संभवही कमी होता. चेंबरलेन स्वतःबद्दल सांगत होते आणि लष्करी नोकरीचा माणूस कोणत्या साली कुठे होता हे तपासता येते. १८७६ मध्ये ते डेव्हनशायर पलटणीतून गेले, तेव्हा त्या मेसची गोष्ट खरी असेल तर ती त्याआधीचीच असणार; तारीख पुढे सरकवायला जागाच नाही. शिवाय खोटी कथा रचणारा माणूस असली ढिली कथा रचत नाही. ‘एखादा चेंडू वाढवून पाहू या’ यात शौर्य कुठे आहे?

साक्षीदारांचे वजन मात्र थोडे कमी धरावे लागते. इयान हॅमिल्टन हे रॉबर्ट्स यांच्या हाताखाली होते ते मद्रास सैन्यात, म्हणजे उटीच्या दिवसांत. चेंबरलेनने हा खेळ काढला असे तेव्हा सगळे मानत, याची ते ग्वाही देऊ शकत होते. जबलपूरच्या त्या पावसाळ्याची ग्वाही देणे त्यांच्या हातात नव्हते. उटीबद्दल कोणालाच शंका नाही. जबलपूर उभे आहे ते उटीने खात्री दिलेल्या माणसाच्या शब्दावर.

जबलपुरात गेलात तर नर्मदा क्लबाचे नाव स्नूकरचे जन्मस्थान म्हणून घेतलेले ऐकाल. या क्लबाची स्थापना १८८९ ची सांगितली जाते, तेव्हा १८७५ चा पहिला टोला तिथे बसणे अवघड आहे. पण ही खटपट मला समजते. मेस ही पलटणीची असते आणि पलटण निघून जाते. गावाला आपला वारसा टांगायला एखादी भिंत लागते, आणि जबलपुरात शिल्लक भिंत क्लबाची होती.

कागद दुसरीकडे पक्का झाला की काय जाते ते आपल्याला परके नाही. बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत. पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो खेळ १८६०-७० च्या सुमारास रंगवला. पण नाव लागले ते ग्लॉस्टरशायरमधल्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचे. नियम पक्के झाले इंग्लंडात, संघटना १८९३ मध्ये निघाली तीही तिथेच, आणि पुणे तळटीपेत गेले. जबलपूरचे नशीब एवढे बरे, की त्याच्या बाजूने बोलायला एक म्हातारा १९३८ पर्यंत जिवंत राहिला.

आपल्या मातीतल्या खेळांच्या बाबतीत मात्र मराठी माणसांनी वेळेवर लेखणी उचलली. हुतूतू शेकडो वर्षे खेळला जात होता, पण गावोगाव निराळा. कुठे बाद झालेला गडी भिडूच्या यशाने पुन्हा जिवंत होई, तो संजीवनी. कुठे बाद झाला तो डाव संपेपर्यंत बाहेरच, तो गामिनी. कुठे बाद होऊनही गडी मैदानातच राही आणि फक्त गुण मोजला जाई, तो अमर. या तीन गावांचे संघ एका मैदानावर आणले तर सामना होण्याऐवजी मारामारी होईल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापले आणि त्यांवर स्पर्धा भरवली. बडोद्याच्या राजाश्रयात मराठी मंडळींनी केलेल्या अनेक कामांपैकी हे एक, आणि त्यामानाने फारच कमी सांगितले जाणारे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. पंचांना आणि परक्या प्रेक्षकांना समजावून सांगता येईल असा खेळ हाताशी होता, कारण कोणीतरी आधी मैदानाची मापे टाकून ठेवली होती. आज कबड्डीत बाद गडी जिवंत होतो तो संजीवनी पद्धतीने. गामिनी आणि अमरची आठवण जुन्या खेळाडूंपुरती राहिली. कागद खेळाला जगवतो तसा त्याच्या भावंडांना मारतोही.

स्नूकरमध्येही तसेच झाले असणार. उटीच्या कागदावर जे आले ते टिकले. जबलपूरच्या मेसमध्ये रात्रीपुरते चाललेले किती नियम दुसऱ्या दिवशी सोडून दिले गेले असतील, त्याचा हिशोब नाही. लाइफ पूल आणि ब्लॅक पूल, ज्यांच्या चेंडूंवर स्नूकर उभा राहिला, ते खेळ आज खेळणाराच सापडत नाही.

जबलपूरची बाजू बळकट करायची तर उटीच्या कागदाकडे किंवा क्लबांच्या भिंतींकडे बघून भागणार नाही. पलटणींच्या मेसचे हिशोब काटेकोर असत: दारू किती, मेणबत्त्या किती, कापड केव्हा बदलले. डेव्हनशायर पलटणीचा वारसा सांभाळणारे संग्रहालय आज इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरला आहे. १८७५ किंवा १८७६ मधले एखादे बिल, ज्यात पिरॅमिडचे लाल आणि पूलचे रंगीत चेंडू एकाच खेळासाठी मागवल्याची नोंद असेल, किंवा एखाद्या सबाल्टर्नने आईला लिहिलेले, पावसाला कंटाळून नव्या खेळात चार रुपये हरल्याची तक्रार करणारे पत्र, एवढे मिळाले तरी पुरे. असले पत्र लिलावात आले, तर उटीच्या नियमांपेक्षा जास्त बोली त्यालाच लागेल.